कार्ड घालणारा हात

४ मार्च
लागली एकदाची नोकरी! दुकानाच्या तळघरात मला यंत्र बांधायचंय. लोक हौसेनं जमवतात ती राक्षसांची, योद्ध्यांची कार्डं यंत्रानं एकेक आत ओढायची, कडा, कोपरे, ओरखडे तपासून दहापैकी गुण द्यायचे आणि ज्या त्या खणात टाकायची. मालक गोड बोलतात. चेहराभर जुने ओरखडे, हातात कायम पांढरे मोजे. त्यांच्या जुन्या, अर्धवट सोडलेल्या यंत्राचे रोलर वापरायचे, एवढीच अट. नवरा म्हणाला, शाळेत तुला कुणी दहापैकी दहा दिले नाहीत, आता तूच वाटत बस.

११ मार्च
यंत्र चाललं! चाचणीला एकच कार्ड पुन्हा पुन्हा घातलं. गुण दर वेळी तेच यायला हवेत, तर आले सहा, मग सात, मग नऊ. कॅमेरा चुकला म्हणावं, तर ड्रॅगनच्या डाव्या गालावरचा ओरखडा खरंच गेलेला. मालक खूश, सुंठीवाचून खोकला गेला म्हणाले. एक तुम्हीही घाला म्हटलं, तर हात मागे घेतला. तुमच्याच हातचं बरं, म्हणे.
माझ्या गालावर ओरखडा उठलाय. घरात मांजरही नाही.

१५ मार्च
सुट्टी म्हणून लेकीला घेऊन गेले. चिमणीनं आपल्या कार्डांचा डबा आणला होता. मळलेली, दुमडलेली, आणि सगळ्यात लाडकं तर मधोमध फाटून चिकटपट्टीनं जोडलेलं. सगळी तिनंच ट्रेमध्ये रचली. एकेक नवंकोरं होऊन बाहेर येताना काय टाळ्या, काय उड्या! संपेनात, तेव्हा मालक म्हणाले, तुम्ही जा, उरलेली ट्रेमध्येच राहू द्या, उद्या यंत्र चालू करतो.

१६ मार्च
चिमणीच्या हातांवर ओरखडे. कानाची पाळी दुमडलीय, सरळच होत नाही. आरशात पाहिलं. माझाही डावाच गाल. मालक स्वतः कार्ड का घालत नाहीत ते आता कळलं. ज्याच्या हातचं कार्ड, त्याच्याच अंगावर — आणि ते फाटकं अजून ट्रेमध्ये —

१६, दुपार
तळघर. वायर उपटली. फाटकं अर्धं आत गेलेलं. नवऱ्याचा फोन. चिमणीच्या कपाळावर मधोमध लाल रेघ, भुवयांशी थांबलीय. रडतेय. कार्ड ओढून काढलं, तरी रेघ जात नाही म्हणतो. मालक जिन्यावर, मी आतून लावलेलं दार वाजवतायत.
पुन्हा घालायचं. माझ्या हातानं. यायचं ते माझ्यावर येऊ दे.

वायर पुन्हा जोडली. घातलं. लिहीत राहते, नाहीतर हात मागे घेईन —
फोन चालू आहे. रेघ पुसट झाली म्हणतो. गेली. हसली म्हणे —
कपाळ ओलं. वहीवर थेंब. नाकापर्यंत —
गुण येतायत. आठ. नऊ. दहापै