हमीपत्रावर माझी सही

१० मार्च २०२५

सही केली. आता जॉयल माझ्या ताब्यात!

हमीपत्र म्हणतात त्याला. आजारी आरोपी घरी न्यायचा तर नातेवाइकाने लिहून द्यायचं — सांभाळीन, कुणाला इजा होऊ देणार नाही, बोलवाल तेव्हा हजर करीन. ममी नाही, पप्पा जहाजावर. उरले मी, मोठी बहीण.

मीरा वकील म्हणाल्या, "एलिसा, स्वतःची बाजू मांडण्याइतका तो बरा होईपर्यंत खटला थांबलाय. डॉक्टर बरा म्हणाले की सुरू."

आग लावली तेव्हा त्याला अठरा पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते. वीस दिवस! नाहीतर मुलांच्या कोर्टात गेला असता.

१३ मार्च

भाजी आणायला गेले तरी बाहेरून कुलूप. आज खिडकीतून म्हणाला, "तिकडे तुरुंगात निदान बोलायला माणसं होती."

२१ मार्च

एरॉल अंकल रस्त्यात भेटले. अगदी शेजारचे. त्यांच्या केळीच्या वाडीतल्या खोपीत माणसं लपून आपल्यावरच बोलतात, असं जॉयलला ऐकू यायचं. म्हणून पेटवली. विझवताना अंकलचा उजवा हात भाजला. कातडी अजून गुलाबी, ताणलेली.

"मला त्याला तुरुंगात नाय घालायचा," म्हणाले. "पण माझ्या हाताचं काय झालं, ते कोणीतरी उभं राहून बोलायला पाहिजे ना?"

मान खाली घालून आले.

२ एप्रिल

गोळ्या लागू पडताहेत. आवाज येत नाहीत म्हणाला. स्वतः दाढी केली. वांगी चिरून दिली — सुरी मीच दिली, पण बाजूला उभी राहिले.

आयर्लंडच्या हॉस्पिटलचा मेल आला. माझ्यासाठी नर्सची जागा जूनपर्यंतच ठेवतील. तो बरा ठरला तर मी सुटते. आणि तो आरोपीच्या पिंजऱ्यात.

असलं मनात तरी कसं येतं!

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

दोघं चर्चमध्ये मिस्साला गेलो. आमच्या बाकावर कुणी बसलं नाही. जॉयलने झावळी दुमडून छोटा क्रूस केला, पुढच्या बाकावरच्या पोरीला दिला. तिने हसून घेतला. तिच्या आजीने — प्रिस्का आंटीने — तो काढून खाली ठेवला.

१६ एप्रिल

ठाण्याला तपासणी. डॉक्टर त्याच्याशी पाच मिनिटं बोलले, माझ्याशी वीस.

"घरी कसा असतो?"

एकटाच बडबडतो, मी म्हणाले. भिंतीला कान लावून बसतो, म्हणाले. सगळं गेल्या वर्षीचं! मी आजचं म्हणून सांगितलं.

तुरुंगात त्याला वेळेवर गोळ्या कोण देणार? पुन्हा आवाज यायला लागले तर कुणाच्या लक्षात येणार?

आयर्लंड गेलं. जाऊ दे.

२२ एप्रिल

अहवाल आला. स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ. खटला तहकूब, पुढची तारीख ऑक्टोबरमधली. वाचला! मला हायसं वाटायला हवं होतं.

२३ एप्रिल

अहवालाची प्रत त्याने वकीलबाईंकडून मागून घेतली होती. जेवताना मोठ्याने वाचली.

"भिंतीला कान लावतो. कधी गं?"

मी आमटी वाढत राहिले.

"एलिसा, आग मी लावली. तेव्हा मला काही कळत नव्हतं, आता कळतं. मला हे दोन्ही सांगायचंय."

"आत टाकतील तुला!"

"मग आत्ता कुठे आहे मी?"

तो ताट धुवायला उठला. आज कुलूप लावलं नाही.

२५ एप्रिल

जॉयल सकाळी एकटाच वसई कोर्टात गेला. शिपाई म्हणाला, आज तुझी तारीख नाही. हा दुपारपर्यंत दारात उभा! मीरा वकिलांना कुणीतरी कळवलं, त्या धावत आल्या, आणि शेवटी जजसाहेबांनी आत बोलावलं. गुन्ह्याबद्दल आत्ता काही बोलू नकोस, म्हणाले. तर हा म्हणाला, "मग कधी बोलू, साहेब?"

पुन्हा तपासणीचा हुकूम झाला. या वेळी डॉक्टर फक्त त्यालाच विचारणार. मला नाही.