चिखलात उभे राहिलेले पाय

प्रिय ताई,
तुला नमस्कार, आणि आईला दोनदा.

मी मजेत आहे. आईचा गुडघा काय म्हणतो? संग्रहालयाच्या तळघरात मीही दिवसभर हाडंच सांभाळते, असं तिला सांग, हसेल.

सध्या एका प्राचीन हत्तीची हाडं ब्रशने साफ करतेय. त्याचे चारही पाय चिखलात उभेच सापडले. वरच्या हाडांवर दगडी सुऱ्यांच्या खुणा आहेत, भाल्याची मात्र एकही नाही. हत्ती रुतला होता. शिकारी नुसते काठावर बसून राहिले.

आमचे साहेबही कधी ओरडत नाहीत गं. करार केव्हाच संपला. त्यांच्या कपाटातला माझा पासपोर्ट मागितला, की हसून चहा मागवतात.

आईला वाचून दाखवताना हत्तीपाशीच थांब.

तुझी,
धाकटी