त्रेस्याचं काय होणार?

२ मार्च
सर्व संतांना साक्षी ठेवून तक्रार नोंदवते! चर्चच्या साप्ताहिकात कादंबरी लिहिते मी, आणि अंक आधी वाचते शेजारची शोशाम्मा. पोस्टमन तिच्याकडेच टाकून जातो. माझ्यापर्यंत येतो तो खोबरेलाची बोटं उमटलेला, फणसाचा चीक लागलेला. लेखिकेला स्वतःची नायिका त्रेस्या चिकट अवस्थेत भेटावी, हा कुठला न्याय?
फार बोलताही येत नाही. गेल्या वर्षी हे गेले. मरण झालेल्या घरात त्या वर्षी पेसहाची, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या सणाची, भाकर करायची नसते; शेजाऱ्यांनी द्यायची. झावळीचा क्रूस लावून शोशाम्मानंच आणली होती. उपकार आहे डोक्यावर.

५ मार्च
तरी गेलेच जाब विचारायला; सगळ्या गल्लीची चेडत्ती, थोरली ताई आहे मी.
"रागावू नका, चेडत्ती. हे यायच्या आत वाचून संपवावं लागतं."
मनगट सुजलेलं. म्हणे, "पडले." सपाट फरशीचं घर, आणि ही बाई सारखी पडते!
मग हळूच — "त्रेस्या काय करणार हो? सोडणार त्या मारकुट्याला?"
"तुला काय वाटतं?"
"मी कोण सांगणारी? मी नोवेना करतेय, नऊ-नऊ दिवस प्रार्थना, हे सुधारावेत म्हणून. कितवी ते विचारू नका."
तिचा नवरा कुरियाच्चन चर्चचा ट्रस्टी. रविवारी शास्त्रपाठ तोच वाचतो. आवाज गोड आहे.

९ मार्च
कुंपणापाशी शोशाम्मा — "हे म्हणतात, ज्यानं त्यानं आपला क्रूस वाहायचा. पण चेडत्ती, येशूचासुद्धा वाटेत त्या कुरेनेच्या शिमोनानं वाहिला होता ना? तेवढं त्रेस्याला विचारू द्या की."
लिहिलं, जसंच्या तसं. माझ्यापेक्षा बरं सुचतं बाईला!

१४ मार्च
पौलोस अच्चन, आमचे धर्मगुरू आणि संपादक. माझा चहा प्यायले आणि ते वाक्य खोडलं.
"पेसहाच्या अंकात त्रेस्या नवऱ्याचे पाय धुते. तो रडतो, सुधारतो. लोकांना आशा हवी, चेडत्ती."
"अच्चन, त्या दिवशी येशूनं, गुरूनं, शिष्यांचे धुतले होते. मग नवऱ्याला बसवा की घंगाळ घेऊन!"
"जीभ आहे की विळी!" हसले. मी म्हटलं, शेवट बदलणार नाही.
"मग मी बदलतो." तेही हसतच.

२३ मार्च
बदलला. माझ्या नावाखाली त्रेस्या पाय धुतेय.
अंकावर एकही डाग नाही. वाचलाच नाही तिनं? की वाचून मान्य केला?
संध्याकाळी पलीकडे भांडी आपटली. मी हाक मारली.
"काही नाही, चेडत्ती. पडले."

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार
ओठ फुटलेला. पदर तोंडावर धरून चर्चमध्ये बसली होती. शास्त्रपाठ कुरियाच्चननं वाचला!
बाहेर गाठून म्हटलं, "अगं, तो शेवट माझा नाही."
"ठाऊक आहे. त्रेस्या असलं काही करणार नाही. मी ओळखते तिला."

२८ मार्च, पेसहा
शोशाम्माची चूल पेटली नाही. "आमच्याकडे यंदा भाकर करायची नाही," एवढंच तिनं गल्लीत सांगितलं. लोक गोळा — कोण गेलं? कधी? ओसरीवर कुरियाच्चन बोंबलतोय, "अहो, मी जिवंत आहे! सगळे जिवंत आहेत!"
ती पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे. अच्चन दोनदा येऊन गेले. दार उघडलं नाही.
भाकर घरच्या कर्त्यानं मोडायची असते. मी माझ्या भाकरीवर झावळीचा क्रूस लावला आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.
गेल्या वर्षीचं फिटलं.