मक्याच्या पिशवीतली वांगी

रहिमतपूर, गुरुवार, १९९८

मेल्या पिशव्या नुसत्या पाण्यानंच फाटल्या! नात सुमी पुण्याच्या कॉलेजातनं, तिच्या सरांनी केलेल्या, घेऊन आली. म्हणाली, "आज्जी, मक्याच्या पिठाच्या हायेत, मातीत विरघळतात, रोपासकट पुरायच्या." वांग्याची निम्मी रोपं वाफ्यातच सांडली. आणि मक्याच्या पिशव्या केल्या, तर गोठ्यातल्या जितराबानं काय खायचं?

पण आज पुरलेलं एक रोप उकरून बघितलं. पिशवी न्हाईच! पांढरी मुळं सरळ मातीत गेलेली. नेहमीच्या पिशवीचं काळं प्लास्टिक असतं तर बांधावर पडलं असतं. तसलंच खाऊन आमची तांबडी गाय गेली. परत मुळं बघितली. लय झ्याक.

म्हणजे पुढच्या साली ह्याच पिशव्या. जरा जाड पायजेत. पण मक्याचा दाणा न घालता उसाच्या चिपाडाच्या जमतील का? ह्याचं उत्तर सुमीनंच द्यायचं, तिच्या सरांनी न्हाई.