गच्चीवरच्या पावसाचा रिकामा रकाना

प्रिय बाबा,

उद्या माझा प्रबंध टायपिंगला जायचाय आणि सगळं एका रकान्यापाशी अडलंय. तुम्ही गेलात त्या दिवसाच्या पावसाचा रकाना. त्यात काय भरू, हे तुमच्याशिवाय विचारू कोणाला?

डोंबिवलीत आपल्या गच्चीवर पर्जन्यमापक मीच बसवला. हवेत उष्णता धरून ठेवणारे वायू वाढले, की पाऊस कमी वेळात जास्त कोसळतो का, हे मला शोधायचं होतं. मी पुण्याला, म्हणून रोज सकाळचं मोजमाप तुमच्या गळ्यात मारलं. "रिटायर माणसाला कामाला लावलंस," म्हणालात, आणि लगेच छत्री शोधायला लागलात.

एकदा गच्चीवर पाणी तुंबलं तेव्हा मी चिडवलं होतं, "हा पाऊस तुमच्या बॉयलरचा." एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत तुम्ही बॉयलर सांभाळलात, त्यावर आमची शिक्षणं झाली. तुम्ही हसला नाहीत. "एवढा धूर सोडलाय गं आम्ही. निदान पाणी तरी नीट मोजू दे." एका बॉयलरचा आणि एका पावसाचा असा संबंध लावता येत नाही, हे तेव्हाच का नाही सांगितलं मी? मला वाटलं, बरंय, मनावर घेतायत, आता नोंदी चुकणार नाहीत.

मग गेल्या ऑगस्टमधली ती सकाळ. रात्रीपासून धो धो कोसळत होता. शेजारच्या काकूंकडे फोन करून मी तुम्हाला बोलावून घेतलं. चहा झाला का, घरात पाणी शिरलं का, काही विचारलं नाही. "बाबा, भांडं भरून वाहायला नको हं. मध्येच जाऊन मोजा आणि रिकामं करा." "जातो," म्हणालात. शेवाळावरून पाय घसरला तो तिथेच. भांडं तुमच्या हातून कलंडलं. त्यात किती पाणी होतं, कोणाला ठाऊक?

आई अजून गच्चीवर पाऊल टाकत नाही. "त्या नळकांड्यापायी माणूस गेला माझा," एवढंच एकदा म्हणाली. काय चुकीचं बोलली ती?

माझे गाईड म्हणतात, ठाणे-कल्याणच्या आकड्यांवरून अंदाज काढ आणि भर, तशी रीतच आहे. खरं सांगू? मला त्याहून मोठा आकडा लिहावासा वाटला. सगळ्यात मोठा. तुमचं जाणं फुकट गेलं नाही असं दिसावं म्हणून. पेन्सिलीने लिहिलाही, आणि लाज वाटून खोडला. तुम्ही कधी एक थेंब वाढवून लिहिला नाहीत.

तो रकाना रिकामाच ठेवतेय, बाबा. खाली लिहीन, 'मोजणारे वारले, नोंद नाही.' सर रागावले तर रागावू देत.

आणि या जूनपासून मी घरी राहायला येतेय. आधी गच्ची घासेन, मग मोजेन. तुमच्या माथी मारलेला तो पाऊस तुमचा नव्हता, हे तुमच्या फोटोसमोर, आईच्या देखत सांगेन. आणि जोराचा लागला, तर तो थांबेपर्यंत खाली आईजवळ बसेन. भांडं ओसंडलं तर ओसंडू दे.

तुमची,
सुजाता