बॅच चालू असताना

७ जानेवारी २००२

कॉम्प्युटरला काम सांगून ती नवी मुलगी, भूमिका, चक्क चहाला गेली! मागे यंत्र आपलं आपण चाललेलं. पडद्यावर नुसती काळी चौकट.

परत आल्यावर विचारलं, "हे काय?"

"बॅच लावलीय, सर. सगळ्या आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवल्यात. तो एकेक वाचतो, गणित करतो, तक्ते दुसऱ्या फाइलीत टाकतो. आपण बसायची गरज नाय."

आपण बसायची गरज नाही. बरं!

९ जानेवारी

हे फक्त इथेच लिहिता येईल. नऊ वर्षं या संस्थेचा वार्षिक अहवाल मी लिहितो. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर लहान मुलांची वजनं घेतात, आकडे इथे ऑफिसात येतात, त्यांचं गणित होतं. त्यातून लोकांना काय सांगायचं, ते मी ठरवतो. ठरवत होतो.

आधी गणिताला ठाण्याहून एक गृहस्थ यायचे. कडेला भोकं असलेल्या कागदाची अख्खी चळत माझ्या टेबलावर टाकून जायचे. यंत्राने जे जे केलं ते सगळं छापलेलं, कामाचं आणि बिनकामाचं. लाल पेन घेऊन बसायचो. वर्तमानपत्रात असताना तारेने आलेल्या मजकुराच्या ढिगातून बातमी काढायचो, तसंच. मॅडम — संस्था त्यांनीच काढलेली — पाहुण्यांना सांगायच्या, "यांना नेमकं दिसतं."

आता चळतच नाही. भूमिका गेल्या पावसाळ्यात आली, स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. आज्ञेच्या आधी एक शब्द लावला की यंत्र काम करतं पण बोलत नाही. जवळजवळ सगळ्या आज्ञांना तिने तो शब्द लावलाय. शेवटी बाहेर येतात सहा तक्ते.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं लागत नाय, सर."

कोणाला लागत नाही?

१० जानेवारी

मॅडम तिच्या टेबलाशी उभ्या होत्या. बराच वेळ. हसणंही ऐकू आलं.

१६ जानेवारी

घरी जेवताना बायकोला, गिरजाला, म्हटलं, त्या मुलीला मराठी धड लिहिता येत नाही. ती भात वाढत म्हणाली, "तिला कुठं लिहायचंय? ती तर आकडे करते ना?" मग म्हणाली, "तुमचं भांडण पोरीशी हाय का तिच्या डब्याशी?"

डबा म्हणजे कॉम्प्युटर. पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात आणि इथे काम केलं, संपादकांशी कधी आवाज चढवला नाही. भांडण कसलं!

२१ जानेवारी

सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या पाड्यांवर जाऊन आलो. काही वजनं दुसऱ्यांदा तपासायची होती. जीपमध्ये मी, भूमिका आणि ड्रायव्हर लडकू. तिचं घर वाटेवरच, म्हणून थांबलो. नाचणीची भाकरी, वालाची भाजी. तिची आई रखमी समोर बसून माझ्याकडे बघत राहिली.

"ल्हिणारे ते तुमीच काय?"

"हो, मीच."

"आमची भूमी सांगते, तुमी एका गोष्टीला चार पानं लावता. खरं काय?"

"आये, गप गो!" भूमिका लाल झाली. लडकू बाहेर तोंड फिरवून हसतोय.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "मास्तर, इथून शहापूर किती पानं?"

मी हसलो. हसावं लागतं. भूमिका खिडकीबाहेर बघत होती. माफी मागितली नाही. म्हणजे तिला खरंच तसं वाटतं!

२५ जानेवारी

मॅडमनी बोलावलं. पैसे देणाऱ्या मंडळींना या वर्षी मोठा अहवाल नकोय. तक्ते आणि खाली चार-दोन ओळी. "तक्ते किती स्वच्छ येतात बघा आता. पुढच्या वर्षीचं तुमचं... आपण बघू."

बघू! माझा करार दरवर्षी मार्चअखेर नवा होतो. आजवर 'बघू' हा शब्द मध्ये आला नव्हता.

भूमिकालाही मार्चअखेर कायम करायचं की नाही, ते ठरायचंय. मॅडम म्हणाल्या, या अहवालावरून ठरवू. म्हणजे अहवाल एक आणि त्यावर दोन नोकऱ्या. एक तिची, एक माझी. दोन्ही राहतील असं मॅडमच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

४ फेब्रुवारी

यंदाचे आकडे अजून भरून होताहेत. तोवर बॅच नीट चालते का हे बघायला भूमिकाने ती गेल्या वर्षीच्या आकड्यांवर चालवली. तक्ते सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये पडले. मी माझ्या मशीनवरून ती फाइल उघडली आणि गेल्या वर्षीच्या माझ्या अहवालाशी ताडून पाहिली.

चूक शोधत होतो. लिहायला लाज वाटते, पण शोधत होतो. एकही सापडली नाही. दिवस वाईट गेला.

११ फेब्रुवारी

यंदाचे आकडे पूर्ण. भूमिकाने सकाळी बॅच लावली. दुपारी प्रिंटरमधून सहा तक्ते आले. तिने लॉगची — म्हणजे यंत्र स्वतःच्या कामाची नोंद ठेवतं, तिची — शेवटची ओळ पाहिली. 'पूर्ण' असं होतं. तक्ते माझ्या टेबलावर ठेवून ती आकड्यांचे गठ्ठे बांधायला गेली.

पहिला तक्ता. वजन कमी भरलेली मुलं, शंभरात एकेचाळीस.

गेल्या वर्षीच्या माझ्या अहवालाचं पहिलं वाक्यच हे! दुसरा तक्ता पाहिला, तिसरा पाहिला. सगळे गेल्या वर्षीचे. नव्या आकड्यांतला एकही नाही.

उठलो. तिच्या टेबलापर्यंत गेलो. मॅडम तिथे होत्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "एका दिवसात! आधी महिना लागायचा."

परत येऊन बसलो.

१२ फेब्रुवारी

बोललो नाही.

१३ फेब्रुवारी

आजही नाही. मॅडम तक्ते घेऊन परवा ठाण्याला बैठकीला जाणार. मला विचारलं, "बघितलेत ना?" मी म्हटलं, "सहा तर आहेत." प्रश्नाला हे उत्तर नव्हतं, पण त्या घाईत होत्या.

१५ फेब्रुवारी

झालं! बैठकीत कोणाकडे तरी गेल्या वर्षीचा अहवाल होता. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले. "वर्षभरात एकाही मुलाचं वजन हललं नाही का?" मॅडम चार वाजता परतल्या त्या तडक भूमिकाकडे.

मी माझ्या जागेवरून सगळं ऐकलं. भूमिका उभी होती, हात पाठीमागे. "चूक माझी हाय, मॅडम." एवढंच म्हणाली. घरची बोली तोंडात आली, सावरली नाही.

"मार्चअखेरपर्यंत थांबायची आता गरज दिसत नाही मला," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याही नजरेतून सुटलं?"

माझं उत्तर तयार होतं. तीन दिवस घोळवलेलं. "मला सहाच कागद मिळाले, मॅडम. पूर्वीसारखं सगळं छापलं असतं, तर दिसलं असतं."

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

किती बरं वाटलं!

१६ फेब्रुवारी

भूमिकाने बॅच पुन्हा चालवली. खरे तक्ते आले. मुरबाडच्या डोंगराकडचे पाडे गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहेत. तिचं गावही त्यात आहे. मॅडमनी मला पूर्ण अहवाल लिहायला सांगितलं, पूर्वीसारखा. सकाळी सुरुवात केली, हात भरभर चालला.

१८ फेब्रुवारी

अहवालाची जुनी फाइल शोधत होतो. पडद्याच्या तळाशी खिडक्यांची रांग असते ना, त्यात एक नाव दिसलं. तक्त्यांची फाइल. चार तारखेला मी उघडलेली, चुका शोधायला. बंद केलीच नव्हती. मशीनही बंद करत नाही मी, चालू करायला फार वेळ घेतं म्हणून.

एका मशीनवर फाइल उघडी असली की दुसऱ्याला तिच्यावर लिहिता येत नाही. एवढं मलाही माहीत आहे. अकरा तारखेला बॅच आली, फाइलीत लिहायला गेली, दार बंद. 'अडलं तरी पुढे जा' असं भूमिकाने बॅचला सांगितलेलं असणार. ती पुढे गेली. जुने तक्ते जागच्या जागी राहिले आणि तेच प्रिंटरवर गेले.

फाइल बंद केली.

१९ फेब्रुवारी

दिवसभर लिहिलं. तीन पानं. चांगली नाहीत.

गिरजाने विचारलं, "आता काय झालं? पोरगी तर चालली ना?"

२१ फेब्रुवारी

मॅडम मुरबाडला होत्या. भूमिकाच्या टेबलाशी गेलो. "ती फाइल माझ्याकडे उघडी होती."

तिने मान वर केली नाही. "माहीत हाय."

"कधीपासून?"

"मॅडम ओरडून गेल्या ना, तेव्हाच लॉग पहिल्यापासून वाचला. फाइल दुसरीकडे उघडी हाय, असं आलं होतं. मशीनं तीन. मॅडमचं बंद होतं, माझ्यावर नव्हती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? कोणी फाइल उघडी ठेवली तर बॅच थांबायला पायजे. नाय थांबली, कारण पुढे जा म्हणून मीच लिहिलं होतं. ती माझीच चूक."

घ्या! माझी चूकसुद्धा तिने आपल्या नावावर करून घेतली! आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला याचाही हेवा वाटला. मला असं बोलता आलं नसतं. इतकं थोडक्यात तर नाहीच.

मी वळलो, तेव्हा म्हणाली, "फाइलीचं काय नाय, सर. पण एकेचाळीस बघून तुमाला कळलं असंल ना?"

मी माझ्या टेबलाकडे निघालो.

"तुमच्या अहवालाची पहिलीच ओळ हाय ती. मी इंटरव्ह्यूच्या आधी वाचली होती." आणि तिने लोखंडी कपाट जोरात लावलं. सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं असेल.

२३ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. म्हटलं, चूक माझी. त्या हसल्या. "तिला वाचवताय. तुमचा स्वभावच तसा. पण नोकरी अशी वाचत नाही."

पटेना! म्हटलं, दाखवतो. त्यांना शेजारी बसवलं. तक्त्यांची फाइल माझ्या मशीनवर उघडली, उघडी ठेवली. भूमिकाला म्हटलं, "लाव बॅच." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लावली.

आम्ही तिघे प्रिंटरपाशी. सहा तक्ते आले. यंदाचे, बरोबर, एकूण एक! कुठेही अडलं नाही.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "फाइल उघडी आणि तरी चाललं. उगाच का अंगावर घेता?"

भूमिका म्हणाली, "आता नाय अडणार, मॅडम. सोळा तारखेलाच बदललं. आता तो दर वेळी नव्या नावाची फाइल करतो."

"म्हणजे आधी अडायचं?"

"हो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. "विसरलात, एवढंच ना? होतं असं." प्रकरण तिथेच मिटत होतं. मिटू द्यायला हवं होतं, असं आत्ताही वाटतं. भूमिका तक्त्यांचे कागद सारखे करत होती. सहा कागद सारखे करायला इतका वेळ लागत नाही.

मग मी सांगितलं. अकरा तारखेला पहिला तक्ता बघताच मला कळलं होतं. बैठकीला जाईपर्यंत मी गप्प राहिलो, मुद्दाम.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि त्या आत निघून गेल्या.

लडकू दारात उभा होता. आज त्यानेही गंमत केली नाही.

२५ फेब्रुवारी

अहवाल ठरल्या तारखेला दिला. तेवढं तरी आयुष्यात चुकलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

भूमिका कायम झाली. मार्चची वाट न बघता. रखमीने लाडू पाठवले. मलाही दोन मिळाले. लडकू म्हणाला, "खावा मास्तर, गोड हायत." खाल्ले.

मॅडमनी बोलावलं. उभ्यानेच बोलल्या. "पुढच्या वर्षीपासून अहवालाचं सगळं भूमिका बघेल. कोणी लिहायचा, तेही तीच ठरवेल. मी मध्ये पडणार नाही."

बाहेर आलो. भूमिका काळ्या चौकटीकडे बघत बसली होती. तिला हे कळलेलं होतं, चेहऱ्यावरून दिसलं.

१ मार्च

भूमिकाने यंदाचे सहा तक्ते माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या अहवालासाठी नमुना द्या, सर. दोन पानं. उद्या बारापर्यंत. जास्त झालं तर वाचणार नाय."

बसतो लिहायला.