खाली म्हणजे रिकामं

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळ.

आजपासून विनय दांडेकरचं नाव घ्यायचं नाही. या वहीतसुद्धा.

विनय दांडेकर मूळचा पुण्याचा, गुडगावला आयटीत. आमच्या ‘मयुरा मंडळी, दिल्ली एनसीआर’ ग्रुपवर येऊन दीड वर्षसुद्धा झालं नाही. एकेचाळीस माणसं आहोत, सगळी मयुरा धुमाळच्या गाण्यावर जीव टाकणारी. बाई गाणी स्वतः लिहितात, गिटारवर स्वतः म्हणतात, पण चाल अगदी जात्यावरची. केतकी म्हणते, बाबा, ह्याला कंट्री-फोक म्हणतात. म्हणोत.

त्यांच्या पहिल्या अल्बमवर, ‘गोठण’वर, ग्रुपचं एकमत कधीच नव्हतं. सुधाकररावांना त्यातली गिटार बेसूर वाटते. द्वारकाबाई म्हणतात, नंतरचं सगळं पॉलिश, खरी मयुरा ‘गोठण’मध्येच. मी द्वारकाबाईंच्या पक्षात.

आज सकाळी लिहिलं की ‘घर माझं खाली गं, दिवा दिसेना’ ही ओळ आली की रिकामं घर समोर उभं राहतं. चारच ओळी. मनापासून. त्यावर हा लिहितो: सूर्यकांतजी, मुलगी डोंगरावर गुरं राखतेय, घर खाली दरीत आहे. मराठीत खाली म्हणजे खाली. रिकामं ते हिंदीत. पुढे हसणारं तोंड.

ते तोंड मी विसरणार नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर. मानेसर.

फॅक्टरीत शंभर मोटरी एकदम चालू असतात. त्यातली कुठली बेअरिंग जाणार आहे, ते मी पाठमोरा उभा राहून सांगतो. या कानांवर मी धंदा उभा केला. आणि हा मला ऐकायला शिकवणार.

पहाडगंजच्या मराठी शाळेत दहा वर्षं काढली आहेत मी. बाबा रिटायर झाले तेव्हा आर. के. पुरमचं क्वार्टर खाली केलं. सामान ट्रकमध्ये चढल्यावर मी एकटाच परत आत गेलो होतो. भिंतीवर कॅलेंडरची चौकोनी पांढरी जागा होती, तिच्याकडे बघत बसलो. खाली म्हणजे काय, मला सांगतो!

हे ग्रुपवर लिहिणार नाही. त्यांना कशाला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

संकल्प: ग्रुपवर मौन. मौनाने माणूस जास्त तडफडतो.

दुपारी १.१०. फक्त एक उत्तर दिलं. ‘जागा खाली करा’ हे मराठी नाही का?

संध्याकाळ. एकूण अकरा उत्तरं झाली. पण सगळी छोटी.

केतकीने विचारलं, बाबा, गोठण म्हणजे काय? सांगितलं, थंडीने गोठणं. म्हणूनच त्या अल्बममध्ये एवढा गारवा आहे. कुमुद किचनमधून ओरडली, अहो, दुपारची गुरं विसावतात ती जागा! केतकी म्हणाली, मग तो पुण्याचा काका बरोबर आहे, गुरं आहेत. मी म्हटलं, एका शब्दाला दोन अर्थ असतात, हेच तर मी चार दिवस सांगतोय.

दोघी हसल्या. पटलं असावं.

रविवार, ९ नोव्हेंबर

लोकशाही मार्गाने बदला. ग्रुपवर पोल टाकला.

दरीत: एकोणीस. रिकामं: चार. ‘गाणं छान आहे’: सात. (हा पर्याय मी ठेवायलाच नको होता.) बाकीच्यांनी बघून सोडून दिलं.

चारांत मी, द्वारकाबाई, आणि दोघं बडोद्याचे. एकोणिसांत कुमुद आहे. विचारलं तर म्हणाली, मी साताऱ्याची आहे हो, आमच्याकडे घरं खालीच असतात.

घरातूनच असं झालं तर पोलला अर्थ नाही. रद्द समजतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

देव आहे!

मयुराताई दिल्लीला येतायत. तेवीस तारखेला, पहाडगंजला, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. घरगुती मैफल, शेवटी अर्धा तास प्रश्नोत्तरं. सुधाकररावांनी व्यवस्थेला माणसं मागितली. मी तीन सेकंदांत हात वर केला. खुर्च्या माझ्याकडे आणि प्रश्नांचा माइक माझ्याकडे. हॉलमध्ये माइक एकच आहे, ताई बिनमाइकच्या गातात.

ज्याने लिहिलं त्यालाच विचारायचं. मग बघू कोण हिंदीत ऐकतो ते.

विनयने ग्रुपवर लिहिलं, वा, सूर्यकांतजी, तुम्ही आहात म्हणजे व्यवस्था चोख. चांगुलपणाने मला नरम करू बघतोय. मी बिल्कुल नरम नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

प्लॅन पक्का.

विनयला पहिली रांग, मधली खुर्ची, स्टेजपासून चार हातांवर. नावाची चिठ्ठी स्वतः चिकटवली. चेहरा पडेल तेव्हा सगळ्यांना दिसला पाहिजे.

मी मागच्या दाराशी. तिथून प्रश्न आला की सगळा हॉल वळून बघतो.

प्रश्न विचारून झाला तरी माइक सोडायचा नाही. ह्याच्या हातात गेला तर हा दरीत उतरेल आणि वर यायचा नाही.

कुमुद म्हणाली, अहो, गाणं ऐकायला चाललोय ना आपण? म्हटलं, तेही आहेच.

रविवार, २३ नोव्हेंबर. संध्याकाळ, मेट्रोत.

घाईत लिहितोय.

गाणी छान झाली असणार. मी प्रश्नाची उजळणी करत होतो.

वेळ आली. पहिला प्रश्न स्वतःलाच दिला. हॉल वळला. विनयही वळला, मान हलवून हसला. म्हटलं हस. सुरुवात भारदस्त करायची म्हणून म्हणालो, ताई, ‘घर माझं खाली गं’ या ओळीचा अर्थ लावायची मी सहा वर्षं मनापासून चेष्टा करतो आहे.

हॉलमध्ये हशा फुटला. मयुराताईसुद्धा गिटारवर डोकं टेकून हसल्या. मला वाटलं, पहिल्याच वाक्याला बाजी मारली. तशाच लाटेत पुढचं विचारून टाकलं: खाली म्हणजे दरीत, की रिकामं?

त्यांनी डोळे पुसले आणि उत्तर दिलं. चांगलं दोन-तीन वाक्यांचं. हात छातीशी नेला, मग कुठेतरी लांब दाखवलं. मला फक्त ओठ हललेले दिसले. हॉल अजून हसत होता आणि माइक माझ्या हातात होता.

विनय ऐकत होता. हसत नव्हता. उत्तर संपल्यावर त्याने चष्मा काढून पुसला.

कुमुदने आत्ता सांगितलं की चेष्टा म्हणजे थट्टा. म्हटलं, प्रयत्नही होतो. म्हणाली, हिंदीत. तुम्ही हिंदीत विचारत होतात का?

तिलाही उत्तर ऐकू आलं नाही. तोंडाला पदर लावून बसली होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर. दुपार.

मानेसरला गेलो नाही. चौकशी चालू आहे.

सुधाकररावांचं रेकॉर्डिंग: मागच्या रांगेतून. चाळीस सेकंद हसणं, त्यात सगळ्यात वर सुधाकररावांचंच. सात वेळा ऐकलं, हेडफोन लावून. पंख्याची बेअरिंग जाणार आहे, एवढं कळलं.

द्वारकाबाई पहिल्या रांगेत होत्या. फोन केला. म्हणाल्या, काय हसवलंत हो! उत्तर? काहीतरी गोड बोलली पोर.

म्हणजे एकालाच माहीत आहे.

३.४०. विनयचा मेसेज, ग्रुपवर: ‘सूर्यकांतजी, काल ताईंनीच सांगितलं, आता वाद संपला. मान्य ना?’

हसणारं तोंड नाही. जिंकला असता तर टाकलं असतं. पण हरला असता तर ‘मान्य ना’ कशाला विचारेल? चष्मा का पुसला? जिंकून पुसला की हरून?

विचारू शकतो. ‘नीट ऐकू आलं नाही’, एवढंच लिहायचं. मी. ग्रुपवर. या कानांनी.

४.०५. एकेचाळीसपैकी अडतीस जणांनी मेसेज बघितलाय. कुमुद म्हणाली, लिहा काहीतरी, तो बिचारा वाट बघतोय.

४.२०. ‘मान्य’ लिहून पाठवलं.

त्याचं लगेच उत्तर आलं: ‘तुमचा मोठेपणा.’

काय मान्य केलं, ते त्याला माहीत आहे.